पायांवरचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी विडीसुद्धा कधी लपवता आली नाही, म्हणजे बघा.

तसं आमचं छान चाललंय. मखमलाबादच्या पुढे मळा आहे, झेंडू-शेवंती लावतो. माझी सई चार वर्षांची होती तेव्हा मी पहाटे मोटरसायकलवर फुलं घेऊन पंचवटीच्या बाजारात जायचो आणि अकरा-साडेअकरापर्यंत परतायचो. बाहेरून आलेल्याच्या पायांवर पाणी घालायची आमच्या घरात पद्धत. ते काम सईने स्वतःकडे घेतलं होतं. दोन्ही हातांनी तांब्या धरून ती ओट्यावर उभी राहायची. दुसऱ्या कुणी तांब्याला हात लावला की भोकाड पसरायची.

आता — कसं सांगू? घराच्या अलीकडे आमची विहीर आहे, तिथे पंपाच्या मोटारीची खोली. एकदा पेट्रोल संपलं म्हणून मी गाडी ढकलत आणत होतो. खोलीपाशी आलो तर समोर ओटा. सई टाचा उंचावून रस्त्याकडे बघत होती. माझ्यासाठी! मी लहान असताना वडील आले की आम्ही भावंडं दडून बसायचो. आपली कुणी अशी वाट बघतं, हे मला इतकं आवडलं की मी तिथेच थांबलो. मग रोजच थांबायला लागलो. गाडी लांबच बंद करायची, खोलीमागे उभं राहायचं, बघत बसायचं. पाच मिनिटं. कधी पंधरा. यात काय वाईट? मलाही तसंच वाटायचं.

चैत्रात एक दिवस ती सारखे पाय उचलत होती — एक खाली, एक वर. मला वाटलं, नाचतेय. आतून माझी आई ओरडली, "आत ये गं पोरी, फरशी लय तापली!"

"नाय, बाबा येतील ना!"

तेव्हा मला कळलं. नक्की कळलं. तरी मी — हातातली विडी संपेपर्यंत थांबलो.

ओट्याशी येऊन म्हणालो, निमाणी स्टँडपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. सईने हसत हसत माझ्या पायांवर गार पाणी घातलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. तिच्या तळव्यांना फोड आले होते. पोरीला चपला घालायचं कसं सुचलं नाही म्हणून आई स्वतःलाच बोल लावत राहिली, पुढे कितीतरी दिवस. मी गप्प बसलो. आई वारली तेव्हाही गप्पच होतो.

सई आता कॉलेजात जाते, स्कूटीवरून. उशीर होणार असला की न चुकता फोन करते, "बाबा, निमाणीला ट्रॅफिक आहे, काळजी नका करू." मी ओट्यावर तिची वाट बघत उभा असतो. सावलीत, चपला घालून.