सुलतान, सुभेदार आणि आमचे मामा

बहमनी राज्य मोडल्याचं दुःख आज अख्ख्या महाराष्ट्रात एकाच माणसाला होत असेल, आणि ते माझे सख्खे मामा आहेत. पारनेरच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. नोकरीतून निवृत्त झाले, पण रागातून नाही. बिदरच्या सुलतानाने ज्यांना सुभे सांभाळायला दिले त्यांनीच ते गिळले, एका राज्याच्या पाच शाह्या केल्या, हे मामा असं सांगतात की जणू काल रात्री त्यांच्याच गोठ्यातून कुणी बैल सोडून नेले. त्या पाचांतली एक आमच्या नगरची निजामशाही, म्हणून नगर शहरावर त्यांचा विशेष दात. इथे ते दवाखान्यापुरते येतात. माझ्या घरी पाणी घेतात, चहा नाही. "फितुरानं वसवल्यालं गाव हाय. हितं घोटभर पान्याच्या वर काय घेऊ न्हाई." मला स्थळ नगरचं आलं तेव्हा त्यांनी अबोला धरला होता. माझा नवरा बिचारा बँकेत कारकून. आपण नक्की कुणाचा सुभा बळकावला, हे त्याला अजून कळलेलं नाही.

लोकांना इतिहासाची गोडी लागावी म्हणून मामांनी एक मंडळ काढलं. दर दिवाळीनंतर नगरजवळच्या चांदबिबीच्या महालाच्या डोंगरावर चढायचं, ठेचा-भाकरी खायची आणि मामांचं भाषण ऐकायचं. शत्रूचं गाव उंचावरून बघावं, असं त्यांचं म्हणणं. माणसं वाढली. मग या गृहस्थाने काय करावं? सुप्याला एक प्रमुख नेमला, राहुरीला एक नेमला, आणि ज्याला त्याला आपापला व्हॉट्सॲप ग्रुप काढायला सांगितला. 'बहमनी राज्याच्या ऱ्हासाची कारणे' पोरांकडून घोकून घेण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाने! मी म्हटलंसुद्धा, "मामा, हे तर सुभेदारच झाले की."

"माझ्या हाताखालची पोरं हायेत ती. त्यांची काय बिशाद," मामा म्हणाले.

बिशाद यंदा दिसली. सुप्याचा प्रमुख मामांचाच विद्यार्थी, तिथल्या कंपनीत फिटर आहे. त्याने स्वतःची वेगळी सहल जाहीर केली, पाठोपाठ राहुरीकरांनीही केली. दोन्हीकडच्या फ्लेक्सवर मामांचा फोटो, खाली 'आमचे प्रेरणास्थान'. शिवाय फिटरने मामांना फोनही केला. "सर, अध्यक्ष तुमीच. तुमी निस्तं खुर्चीवर बसा, बाकी समदं आमी बघतो."

"बिदरचा शेवटचा सुलतान वाटलो व्हय रं तुला?" मामा कडाडले. "नाव माझं आन् कारभार तुझा?"

खरं सांगते, तेव्हा माझंही डोकं फिरलं. ज्याने बोट धरून शिकवलं त्याला फ्लेक्सवर चिकटवायचं की झालं, ही कुठली रीत? मामांनी मात्र आपली सहल रद्द केली नाही. आपलं मंडळ अजून उभं आहे हे त्यांना दाखवायचं होतं. ठरल्या रविवारी डोंगरावर आम्ही दोघंच होतो. तासभर वाट पाहिली. मग मामा उठले, खाकरले, गर्दीला गप्प करावं तसा हात वर केला आणि अख्खं भाषण मला एकटीला ऐकवलं. काठीने बिदर, विजापूर, गोवळकोंडा, वऱ्हाड सगळ्या दिशा दाखवल्या. कुणाला सोडलं नाही.

भाषण संपल्यावर दगडावर टेकले. "सुप्याच्या सहलीला मानसं बरी हुती का गं?"

"दोन बस भरून," मी फोटो पाहिले होते, रागातच सांगितलं.

ते खाली पसरलेल्या नगरकडे बघत राहिले. "गाव चांगलं वसलंय पन," म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग म्हणाले, "सुलतानाला कुनी जाऊन सांगितलं असंल का गं, की नगर चांगलं वसलंय म्हनून?"

मामांनी माझ्या थर्मासकडे हात केला. त्यात माझ्या घरचा, नगरचा चहा होता. तो त्यांनी सावकाश, सगळा संपवला.