नावेला बॉडी अर्थ चालत न्हाई

ट्रॅक्टर-वायरिंगवाल्या दोस्तांनो, आज पहिल्यांदाच नावेचं काम केलं.

धरणावर मासे धरणाऱ्या काशिनाथमामांच्या लोखंडी नावेत पाण्याची खोली दाखवणारं मशीन आणि जीपीएस एकमेकांना जोडून बसवायचं होतं. ट्रॅक्टरसारखीच बॅटरीतून एकेक वायर ओढली अन् निगेटिव्ह नावेच्या लोखंडातल्या जवळच्या नटावर आवळली, म्हंजे बॉडी अर्थ: परतीची वायरच न्हाई.

मामा बघून राह्यले होते. म्हणाले, "मंग करंट परत कुठून येतो?"

"बॉडीतून."

"बॉडी तर पाण्यात हाय."

माझा पाना थांबला. बारा व्होल्टचा झटका बसत न्हाई, पण असा करंट पाण्यातला पत्रा हळूहळू खातो. एक दिवस धरणाच्या मधोमध भोक पडलं असतं.

सगळं खोललं. दोन्ही मशीनला बॅटरीपर्यंत दोन-दोन वायरी, एक जाणारी, एक परतीची; बॅटरीजवळच फ्यूज.

आपण सवयीनं अजून काय काय बॉडीवर सोडून देतो?