सुनंदाची शुक्रवारची यादी

मंगळवार, अकरा फेब्रुवारी, सकाळचे दहा. नेरुळमधल्या आमच्या अक्षरजुळणीच्या दुकानात हजर: मी, टायपिंग करणारी रेश्मा आणि लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आलेले एक काका. माझी भागीदार सुनंदा घरी तपासलेली प्रुफं घेऊन यायची होती. तिच्या भावाचा फोन आला. "ताई, सुनंदा गेली. चहाचा कप हातात होता..." मी विचारलं, "मग प्रुफं कोण आणणार?" हे मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमी घरी या." सहा आठवडे झाले. अजून मला माझाच तो आवाज ऐकू येतो.

सुनंदा इथल्याच शिरवणे गावची, मी घाटावरची, साताऱ्याची. बावीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. हाती घेतलेलं शेवटचं काम तिच्या आईच्या धवल्यांचं, म्हणजे त्यांच्याकडे लग्नात गातात त्या गाण्यांचं पुस्तक. आई गायची, सुनंदा उतरवून घ्यायची. गाताना एखादं अक्षर गिळलं गेलं की त्या जागी वर एक स्वल्पविराम, स्वर लांबला की मधे आडवी रेघ. संगणकातला शुद्धलेखन तपासनीस मात्र या चिन्हांपाशी शब्द तोडायचा आणि तुकड्यांखाली लाल रेघा ओढायचा. मी झटपट सेटिंग बदललं, दोन्ही चिन्हं शब्दाचा भाग म्हणून नोंदवली. झालं! अवतरणचिन्हं दिसायला त्या वरच्या स्वल्पविरामासारखीच, तीसुद्धा शब्दांना चिकटली आणि होतं नव्हतं ते सगळं लाल. "अख्खं पान कुंकवात बुडवलंस गो!" सुनंदा पोट धरून हसली. मग तिनेच नियम बसवला: चिन्ह दोन अक्षरांच्या मधे असेल तरच शब्दाचं, कडेला असेल तर नाही. शब्द अखंड राहू लागले. पण संगणकाला ते अनोळखीच होते; आता एकेक करून त्याच्या शब्दकोशात घालायचे होते.

तिथे तिची रीत आडवी आली. आपण लिहिलेला शब्द आपण पास करायचा नाही. तिने लिहिलेला मी मोठ्याने वाचायचा, आईने ऐकून "हाय" म्हणायचं, मगच तो कोशात. "अगं, तू गावचीच ना? टाक की," मी वैतागायचे. "मी दुकानात बसून बिघडले. आयला इचार." म्हणून दर शुक्रवारी दुपारी यादी घेऊन शिरवण्याला. मी वाचायला लागले की आई म्हणायची, "ऐका, घाटावरची नवरी गातेय!" मग पदर तोंडाला लावून हसायची, आणि हसू ओसरल्यावर "हाय."

सुनंदाने जाण्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी लिहिलेले एक्केचाळीस शब्द उरलेत. एक बटण दाबलं तर सगळे कोशात जातील, पुस्तक छपाईला जाईल. कोणाला कळणारही नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी तिच्या आईचा फोन आला. "यादी घेऊन कवा येतेस गो? का माजे पोरीनं लिवलेलं तसंच छापशील?" "येते," मी म्हणाले.

त्यानंतर तीन शुक्रवार गेले. याआधी कुठलं काम मी असं पुढे ढकललेलं नाही. यादी छापून पर्समध्ये ठेवली आहे. त्यातला पहिलाच शब्द नवरी घराबाहेर पडताना गायच्या गाण्यातला आहे, आणि तो मला तिच्या आईसमोर बसून मोठ्याने वाचायचा आहे.