ऑपेऱ्यात उचललेली ओळ

माझ्या मुलीने इटालियन ऑपेऱ्यात काम करायचं ठरवलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा. आम्ही धसईजवळचे, तालीम शहापूरला, म्हणजे जाता-येता दोन-दोन गाड्या बदलायच्या. "खाशील काय न् घरी येशील कवा?" ती म्हणाली, "बाबा, आधी ऑपेरा म्हंजे काय ते तरी विचारा." विचारलं. तर म्हणे नाटकच असतं, पण सगळं गाऊनच बोलायचं. पाणी मागायचं तरी गाऊन. "मग भजनासारखंच की," मी म्हटलं. तिने आईकडे बघितलं, आईने भाकरीकडे.

मी आमच्या गावच्या भजनी मंडळाचा बुवा. पेटी माझ्याकडे, आणि पेटीच्या डाव्या अंगाला लहानपणापासून ही मुलगी. आमच्याकडे सुराला एखादा कच्चा असला तर आम्ही चालवून घेतो. पण बुवाने टाकलेली ओळ मागच्यांनी उचललीच पाहिजे. बुवाला ठसका लागो, शब्द विसरो, दम संपो, तो सावरेपर्यंत मागचे तीच ओळ धरून ठेवतात. ओळ खाली पडू देणाऱ्याला आमच्यात चहासुद्धा कोणी नीट विचारत नाही.

शहापूरला गाणं शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई आहेत. तरुणपणी मुंबईत त्या पाश्चात्त्य गाणं शिकल्या होत्या. त्यांनी आसपासची कॉलेजातली पोरं जमवली आणि हा उद्योग काढला. पहिला प्रयोग शहापूरला, दुसरा मुरबाडला. मुरबाडच्या प्रयोगाला बाईंच्या गुरू मुंबईहून येणार होत्या. त्यांना आवाज पसंत पडला तर त्या माझ्या मुलीला पुढचं शिकवायला स्वतःकडे ठेवून घेणार होत्या. मुलीला ते फार हवं होतं. मलाही हवं होतं, आणि अजिबात नको होतं. ती गेली तर माझ्या डाव्या अंगाला कोण बसणार, हे मी कोणाजवळ बोललो नाही, पण त्या दिवसांत उगाचच सगळ्यांवर खेकसत होतो.

गोष्ट तिने मला वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगितली. एका चिक्कू म्हाताऱ्याला घरात आसऱ्याला ठेवलेल्या तरण्या मुलीशी लग्न करायचंय. मुलीचं दुसऱ्याच पोरावर मन. एक दिवस तो पोरगा घरात शिरतो, म्हातारा येतो, पोरगा कपाटात. कपाटातून आवाज कसला येतो म्हणून म्हातारा विचारतो, आणि मुलगी एकामागून एक थापा मारत सुटते, सगळ्या गाण्यात, श्वास न घेता. मुलगी म्हणजे आमचीच. मधे मधे म्हाताऱ्याला दाराकडे ढकलत ती "प्रेस्तो, प्रेस्तो, सिन्योरे" म्हणते, म्हणजे चला लवकर, साहेब.

ही ओळ तिने भांडी घासताना म्हटली, गुरांना पाणी दाखवताना म्हटली, आंघोळीच्या मोरीत तर कहर केला. आमचे पखवाजवाले शेजारीच राहतात. भात झोडताना त्यांनाही ती यायला लागली. मग मंडळातल्या सगळ्यांनाच. शब्दांचा अर्थ कळत नव्हता, पण ठेका झकास होता.

शहापूरच्या प्रयोगाला अख्खं मंडळ टेम्पोत बसून गेलं. मी बजावलं होतं, टाळ कोणी आणायचे नाहीत. आणले नाहीत. सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. डोक्याला कापूस लावलेला म्हातारा बघून पोरं आधीच खिदळत होती. आमची मुलगी आली ती झगा घालून. क्षणभर मी ओळखलंच नाही. मग ती गायला लागली आणि मला भरून आलं, हे खोटं कशाला सांगू.

कपाटाचा प्रसंग आला. थापा सुरू झाल्या. मांजर झाली, उंदीर झाले, वारा झाला. "प्रेस्तो, प्रेस्तो, सिन्योरे." आणि ती थांबली. पियानो थांबला. तोंड उघडं, डोळे मोठे, शब्द नाही.

मला वाटलं, पोरगी विसरली. मी काही ठरवलं नाही, देवाशपथ. शेजारी पखवाजवाल्यांनी मांडीवर थाप टाकली, मी सूर धरला, आणि मागून सगळ्या मंडळाने खड्या आवाजात इटालियन ओळ उचलली. धरली ती धरलीच. चार आवर्तनं झाली तेव्हा स्टेजवरचा म्हातारासुद्धा ठेक्यावर मान हलवत होता. सभागृहाला वाटलं नाटकातच आहे. टाळ्या, शिट्ट्या. मुलीने हसू दाबलं, आमच्यातच ओळ मिसळली आणि पुढे गेली.

प्रयोगानंतर बाई हसून हसून लाल झाल्या होत्या. म्हणाल्या, लोकांना फार आवडलं, मुरबाडलाही असंच करा. आमची मंडळी फुगली. पखवाजवाले तर पखवाज आणतो म्हणाले. मुलगी मात्र घर आल्यावर अंगणात म्हणाली, "बाबा, मी विसरले नवते."

"मग गप का झालीस?"

"तिथं गपच व्हायचंय. तिच्या थापा संपतात. नवी थाप सापडेस्तोवर ती तशीच उभी असते. लोक त्यालाच हसतात."

"मग घरात म्हणताना कधी थांबली नायस ती?"

"गप बसायची प्रॅक्टिस घरी कशी करू? तुमीच इचारलं असतं, काय झालं गो म्हणून." मग म्हणाली, "मुरबाडला नका उचलू. बाई काय पण म्हणू दे. मला तिथं एकटीला उभं रायचंय."

मला राग आला. एवढ्या माणसांनी जीव लावून सांभाळून घेतलं, त्याचं हे. मी न जेवता झोपलो. मंडळाला सांगितलं तेव्हा पखवाजवाल्यांनी नेमकं तेच विचारलं जे मला सलत होतं, "आन् खरंच इसरली तर?" मी ते तिला जाऊन विचारलं. ती केस विंचरत होती. म्हणाली, "इसरले तर इसरले, बाबा."

मुरबाडला आम्ही मागच्या रांगेत बसलो. पुढे पांढऱ्या केसांच्या गुरू होत्या, हात मांडीवर ठेवून, अगदी ताठ. मांजर झाली, उंदीर झाले, वारा झाला. "प्रेस्तो, प्रेस्तो, सिन्योरे." थांबली.

शहापूरला आम्ही मधेच तोंड घातल्यामुळे हे थांबणं किती मोठं असतं ते मला ठाऊकच नव्हतं. ते संपेना. तिने कपाटाकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, वर पाहिलं. हातातला रुमाल चुरगळला. हे सोंग नव्हे, आता खरंच विसरली, अशी माझी खात्री झाली. सूर माझ्या घशात तयार होता. पखवाजवाल्यांचा हात उठला, तो मी धरून ठेवला, आणि माझ्या लक्षात आलं की मी तो फार जोरात धरलाय. एकदा तरी ती आमच्या रांगेकडे बघेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिने पाहिलं नाही.

मग कुठेतरी एक जण फिसकन हसला. मग रांगच्या रांग. मग त्या ताठ बसलेल्या गुरू खुर्चीत पुढे वाकून हसायला लागल्या. आणि हसणं अगदी ओसरत आलं तेव्हा तिने नवी थाप मारली, वरच्या सुरात, खणखणीत.

गुरूंनी त्याच संध्याकाळी तिला मुंबईला ये म्हणून सांगितलं. शिमग्यानंतर ती जाते आहे. पखवाजवाले अजून विचारतात, "मुरबाडला इसरलेली का नाय?" मी तिला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. विसरली नव्हती, तर तिला आमची गरज नव्हती. आणि विसरली असली, तरीही नव्हती.