मोठ्यानं वाचा

शिवाजी पेठेत बायोडाटा टाइप करून देणारे एक गृहस्थ आहेत. गारगोटीजवळच्या आमच्या दूध डेअरीचे कागद घेऊन मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडं जातो, पण नाव कधी विचारलेलं नाही. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ असले शब्द ते टाइपच करत नाहीत. म्हणतात, “ते सायेब ठरवतील. तुमी काय केलंय ते सांगा.” आणि दुकानात कितीही गिऱ्हाईक असो, तयार कागद मोठ्यानं वाचायला लावतात. ज्या ओळीला माणूस अडखळतो, ती सरळ खोडतात.

परवा नोकरीच्या अर्जासाठी लेकीला घेऊन गेलो. बी.एस्सी. झालेली. अनुभवापुढं मीच ‘नाही’ लिहून नेलं होतं.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि तिला विचारलं, “सकाळी काय करतीस?”

“डेअरीत दूध घेते. मशीनवर फॅट काढते, तिच्यावरच दर ठरतो. कमी लागली की लोक भांडतात, मग त्यांच्यासमोर परत काढून दाखवते.”

“किती वर्षं?”

“चार.”

ते माझ्याकडं वळले. “पावणं, मग हे ‘नाही’ कुणी लिवलं?”

घरचंच काम, त्यात काय लिहायचं, असं मला वाटलं होतं.

त्यांनी ती चार वर्षं टाइप केली आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो खणखणीत वाचला, कुठंही न अडखळता. झेरॉक्ससाठी थांबलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “पोरगी कुणाची म्हणायची?”

“माझी,” मी म्हणालो. तिच्यापेक्षाही मोठ्यानं.