सुईच्या टोकावरची नजर

माझ्या मावशीला सगळी गल्ली रफूबाई म्हणायची. कोटाला कसर लागो नाहीतर सिगारेट, ती त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढायची आणि एका धाग्याखालून, एकावरून असे विणत भोक बुजवायची. गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून भोक शोधत बसायचं, आणि मावशी गालातल्या गालात हसायची. कापडाशी जितकी मऊ, तितकी माणसांशी फटकळ.

शिकायला आलेल्या मुलीची ती आधी परीक्षा घ्यायची. दिव्याखाली बसवून सुई उभी धरायची. "टोकावर बघ. मी सांगेपर्यंत नजर हलवायची नाही." आणि स्वतः तिच्या डोळ्यांत टक लावून बसायची. बुबुळ हललं की मुलगी घरी. "ज्याचा डोळा हलतो त्याचं मन हलतं," हे तिचं ब्रह्मवाक्य.

याच परीक्षेत माझी आई, म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, नापास झाली. आईला सुईकामाचं वेड होतं. पण लहानपणी ती जिन्यावरून डोक्यावर पडली होती, आणि तेव्हापासून बारीक वस्तू डोळ्यांपुढे जागेवर राहत नाही, असं तिने मावशीला सांगितलंही. मावशी म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मग आईने जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. मावशीच्या दुकानावरून जाताना तिची पावलं हळू व्हायची. मला मावशीचा राग होता, अजूनही थोडा आहे.

गेल्या वर्षी मावशी दुकानातच ओल्या फरशीवर घसरली आणि डोक्याची मागची बाजू टेबलाच्या कडेवर आपटली. जखम भरली, पण पडले तरी नाक वर! घरी बस म्हटलं तरी ऐकेना. दुकान उघडलं, आणि सुई भलत्याच धाग्याखाली शिरायला लागली. आधी तिने बल्ब बदलला, मग चष्मा, मग बल्बवाल्याचा उद्धार केला. शेवटी एक निळा कोट परत आला. गिऱ्हाइकाने भोकावर नेमकं बोट ठेवलं होतं. असं तिच्या हयातीत कधी झालं नव्हतं.

मी तिला दवाखान्यात नेलं. तो कोटही तिने पिशवीत घातला. तक्त्यावरची अक्षरं तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग डॉक्टरीणबाईंनी तिला यंत्रावर हनुवटी टेकवून एका लाल ठिपक्याकडे बघायला सांगितलं आणि नंतर पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ दाखवली.

"ही तुमची नजर. ठिपक्यावरून सरकते आणि झटक्याने परत येते."

"म्हणजे माझं लक्ष नव्हतं?"

"लक्ष होतं, आजी. डोक्याला मार लागला की नजर धरून ठेवायची मेंदूची पकड सैल होऊ शकते. तशी अगदी स्थिर नजर कुणाचीच नसते. बाकीच्यांची इतकी बारीक हलते की समोरच्याला दिसत नाही."

मावशीने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. मग विचारलं, "लहानपणी पडलेल्याचंही असं होतं?"

"होऊ शकतं. काहींचं सुधारतं, काहींचं तसंच राहतं. तपासल्याशिवाय नाही सांगता येत."

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आईकडे चल."

आई इस्त्री करत होती. मावशी दारातूनच बोलली, "तू खरं सांगत होतीस. टोक हलतं. चुकलं माझं."

आईने इस्त्री उभी करून ठेवली. "मला वाटलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी ताईला कळेल."

मावशी आत येऊन टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, "ये दुकानात. शिकवते तुला."

"आता? शिकवणारीला दिसत नाही आणि शिकणारीलाही नाही. बरी जमेल जोडी." आई हसली, पण मावशी हसली नाही.

मावशीच्या पिशवीतून निळ्या कोटाची बाही बाहेर आली होती. आईने तो कोट घेतला, टेबलावर पसरला आणि सवयीने इस्त्री फिरवली. कापड सपाट झालं तसं फसलेलं रफू आणखीच उठून दिसायला लागलं. आईने त्यावरून अंगठा फिरवला, धागे कुठून कसे गेलेत ते पाहिलं.

"मला आवडलं असतं गं हे काम," ती म्हणाली, आणि कोटाची घडी घालून मावशीच्या हातात दिली.