ह्यात राम न्हाय

दुकानदार जेव्हा ‘कमी घ्या’ म्हणतो, तेव्हा समजावं, काहीतरी काळंबेरं हाय. ट्रकच्या गॅरेजात तीस वर्षं घालवली मी. चांगला पार्ट काढून जुना बसवणारे हात काय कमी बघितलेत? म्हणून लेकीचा जुना कॉम्प्युटर दुकानात न्यायचा म्हटल्यावर मी आधीच सावध होतो.

गेम खेळायला म्हणून कॉलेजात असताना घेतलेला तो. लग्न करून ती पुण्याला गेली, कॉम्प्युटर गडमुडशिंगीच्या घरात राहिला. लग्नाआधी मी जयसिंगपूरला जाऊन जावयाच्या गल्लीत चौकशा केल्या होत्या. पानपट्टीवर, सलूनमध्ये, पार त्याच्या शाळेच्या शिपायापर्यंत. ते तिला कळलं. तेव्हापासून ती आईशी रोज बोलते आणि माझ्याशी फक्त रविवारी सकाळी, ते पण गेममध्ये. दोघांचे दोन ट्रक, परदेशातला रस्ता, कानाला हेडफोन. "आप्पा, पुढं वळण हाय," एवढंच बोलणं. पण तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

गेम नवीन आला आणि आमचा ट्रक दर वळणावर अडकायला लागला. मेमरी चार जीबीच होती. "सोळा टाकून घ्या," लेक म्हणाली. "न्हाईतर राहू दे आपलं खेळणं." ते शेवटचं मला असलं झोंबलं की दुसऱ्याच दिवशी स्टँडजवळचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं.

"सोळा कशाला पावणं?" दुकानदार म्हणाला. "जुना बोर्ड हाय, आठच्या वर घेतच न्हाई. चारची एक पट्टी हाय, चारची अजून एक घालू. रग्गड झालं की!"

सोळा मागणाऱ्याला आठ देतोय? असला दुकानदार मी जन्मात बघितला नव्हता. म्हटलं, हा आमची जुनी पट्टी ढापणार आणि तिथं दुसरीच बसवणार. घरी येऊन कॉम्प्युटरचा डबा उघडला, मेमरीची पट्टी काढली आणि बायकोच्या लाल नेलपॉलिशनं खूण केली. वरच्या कडेला एक ठिपका, आणि कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून खालच्या सोनेरी दातांवर चांगला जाड पट्टा. गॅरेजातली सवय. मग डबा दुकानात देऊन आलो.

शनिवारी त्याचा फोन आला. मागं गाड्यांचा गोंगाट. "काका, ह्यात राम न्हाय..." एवढंच ऐकू आलं. आलं ध्यानात! आता भंगारात काढा म्हणणार, नवीन गळ्यात मारणार. तसाच स्कूटरला किक मारून गेलो आणि दारातनंच ओरडलो, "राम न्हाय म्हणजे? तुम्हाला देईपर्यंत चालत होता की!"

"राम न्हवं काका, रॅम! तुमची मेमरीची पट्टी लागंना." त्यानं पट्टी माझ्या हातात दिली. "दातांवर हे लाल काय लावलंय?"

चार गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत होती. "मीच," म्हटलं. "तुम्ही पट्टी बदलाल म्हणून."

चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मुकाट्यानं थिनरच्या बोळ्यानं दात पुसले, खोडरबर घासला आणि पट्टी बसवली. "वरचा ठिपका ठेवलाय," म्हणाला. "तुमचीच हाय ते कळायला." लाज वाटली राव. मान वर होईना.

रविवारी ट्रक एकदा पण अडकला नाही. "किती टाकली?" लेकीनं विचारलं.

"आठ."

"सोळा सांगितलेली की! गंडवलं तुम्हाला त्यानं. चौकशी तरी केलीसा का?"

माझीच भाषा तिच्या तोंडात.

"न्हाई केली," मी म्हटलं. "माणूस चांगला हाय."

तिचा ट्रक रस्त्याच्या कडेला थांबला. "आप्पा, हे तुम्ही म्हणताय?"

"व्हय. जावई हायत का घरात?"

"हायत की." तिचा आवाज एकदम कडक झाला. "आता काय विचारायचंय त्यांना?"

"विचारायचं काय न्हाई गं. चुकलं म्हणायचं हाय."

पलीकडं तिनं जावयांना हाक मारली. मग हेडफोन एका हातातनं दुसऱ्या हातात गेल्यासारखा खरखरला, आणि मी घसा साफ केला.